पिरानेसीच्या रोमन कलशांची प्रिंट कशी वाचायची, कशी पारखायची आणि घरी आणून कशी सांभाळायची

रोममध्ये लार्गो देल्ला फोंतानेल्ला दि बोर्गेझे नावाचा एक छोटा चौक आहे, तिथे जुनी पुस्तकं आणि प्रिंट्स विकणारे स्टॉल लागतात. तिथे, किंवा लंडनच्या एखाद्या प्रिंटच्या दुकानात, किंवा हल्ली घरबसल्या ऑनलाइन लिलावात एका प्रकारचं चित्र हमखास दिसतं. मोठ्या कागदावर मधोमध एकच वस्तू, म्हणजे संगमरवरी कलश नाहीतर दिव्याचा उंच खांब नाहीतर तिपाई, सगळं काळ्या शाईत, इतकं बारीक की द्राक्षाच्या वेलीचं एकेक पान मोजून घ्यावं, आणि खाली इटालियनमध्ये चार-पाच ओळी. बहुतेक वेळा हे जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीचं काम असतं नाहीतर त्याच्यावरून केलेली नक्कल असते. आपले फिरायला गेलेले लोक तिथे थांबतात, आवडतं, किंमत विचारतात आणि मग गोंधळतात, कारण तेच चित्र एका स्टॉलवर जेवणाच्या बिलाएवढ्या पैशात मिळत असतं आणि पलीकडच्या दुकानात त्याला विमानाच्या तिकिटाएवढे पैसे मागतात, आणि दोघंही ‘ओरिजिनल’ म्हणत असतात.

माझं म्हणणं असं की ही चित्रं भिंतीवर शोभेला लावायच्या आधी वाचायला शिकावं, कारण ती मुळात प्रवाशाने वाचावी म्हणूनच केलेली होती. जो वाचायला शिकतो त्याला प्रत ओळखणंही बरंच सोपं जातं, म्हणून खालच्या स्टेप्स त्याच क्रमाने दिल्यात, आधी वाचन आणि मग खरेदी.

स्टेप १: हे कुणासाठी बनलं ते आधी समजून घ्या

पिरानेसीचा जन्म १७२० चा, व्हेनिसजवळच्या मोल्यानोचा. १७४० मध्ये तो व्हेनिसच्या राजदूताच्या लवाजम्यात चित्रकार म्हणून रोमला आला, तिथे जुझेप्पे वाझीकडे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर (प्लेटवर) आम्लाने रेषा खोदून त्यावरून चित्र छापायची कला, शिकला आणि मग जवळपास सगळं आयुष्य रोममध्येच काढलं. त्या काळात युरोपातली, मुख्यतः इंग्लंडमधली श्रीमंत घरची मुलं शिक्षण संपलं की इटलीच्या लांबलचक प्रवासाला निघायची, त्यालाच ग्रँड टूर म्हणतात, आणि १७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपल्यावर हा ओघ फारच वाढला. रोमला आले की ही मंडळी पियाझ्झा दि स्पान्याच्या आसपास उतरायची, तिथे त्यांच्यासाठी इंग्लिश कॅफेसुद्धा होता आणि त्याच्या भिंती पिरानेसीनेच इजिप्शियन थाटात सजवल्या होत्या. १७६१ पासून त्याचं घर, छापखाना आणि विक्री सगळं एकाच जागी होतं, स्त्रादा फेलिचेवरच्या पालाझ्झो तोमातीमध्ये. आज त्या रस्त्याला विया सिस्तिना म्हणतात आणि स्पॅनिश स्टेप्स चढून वर गेलं की तो लागतो. म्हणजे गिऱ्हाईक जिथे उतरतं तिथून चालत पाच मिनिटांवर दुकान, धंद्याची इतकी चांगली जागा दुसरी नसेल.

त्याची रोमची दृश्यं सुट्टी अडीच पाओलीला एक अशी मिळायची. दहा पाओलीचा एक स्कूदो, म्हणजे एका स्कूदोत चार मोठी चित्रं. याउलट खरा संगमरवरी कलश घ्यायचा तर तो शोधा, दुरुस्त करून घ्या, पोपच्या अधिकाऱ्यांकडून बाहेर न्यायची परवानगी काढा, जहाजात चढवा, हे सगळं एखाद्या लॉर्डलाच जमायचं, बाकीच्यांनी कागद घेतला. पण कागद म्हणजे गरिबाची सोय असं अजिबात समजू नका, कारण लॉर्ड लोकही कागद घ्यायचेच आणि बांधून लायब्ररीत ठेवायचे. घरी गेल्यावर मित्रांना दाखवायला, घर बांधताना आर्किटेक्टच्या पुढ्यात टाकायला, फायरप्लेसवर किंवा चांदीच्या भांड्यावर कसली नक्षी हवी ते ठरवायला तो कागदच उपयोगी पडायचा.

नेपल्सकडची परिस्थिती अजून वेगळी होती. हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ ला सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ ला, पण तिथल्या वस्तूंची चित्रं काढायला पाहुण्यांना बंदी, आणि राजाने त्या वस्तूंचे जे भव्य खंड १७५७ पासून छापले ते सुरुवातीला विकायला नव्हतेच, राजा ज्याला भेट देईल त्याला मिळायचे. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू कागदावर उतरवून नेता येत नाही म्हटल्यावर छापील चित्राची ओढ किती वाढली असेल ते तुम्हीच समजून घ्या.

आपल्याला हवी ती मालिका म्हणजे ‘वाझी, कान्देलाब्री, चिप्पी, सार्कोफाजी’ असं लांबलचक नाव असलेली, कलश, दीपस्तंभ, स्मृतिशिला, शवपेट्या, तिपाया, दिवे यांची. शंभराहून जास्त प्लेट्स आहेत, साधारण १७६८ पासून सुट्ट्या निघत होत्या आणि १७७८ मध्ये दोन खंडांत एकत्र आल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिरानेसी गेला.

स्टेप २: चित्राच्या आधी खालच्या ओळी वाचा

दुकानात उभं राहिल्यावर सगळे आधी कलश बघतात, तुम्ही खाली बघा. इटालियन येत नसलं तरी मोबाइलवर भाषांतर करून काम भागतं, कारण वाक्यं ठरलेल्या साच्यातली आहेत. त्यात साधारण चार गोष्टी असतात: वस्तू काय आहे, कुठे आणि कधी सापडली, आता कुणाकडे आहे, आणि हे चित्र कुणाला अर्पण केलंय. ‘व्हिल्ला आद्रियाना’ दिसलं की ती तिवोलीची, सम्राट हेड्रियनच्या वाड्याच्या अवशेषांमधली. तिथे पान्तानेल्लो नावाची दलदल होती, १७६९ पासून गॅव्हिन हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने ती उपसली आणि त्यातून संगमरवराच्या तुकड्यांचा खजिनाच निघाला, त्यातला बराच माल पिरानेसीकडे गेला.

अर्पणाची ओळ सगळ्यात बोलकी असते. कितीतरी प्लेट्सवर इंग्रज प्रवाशांची नावं आहेत. ज्याचं नाव छापलंय तो माणूस आपल्या नावाची प्रत अभिमानाने घरी नेणार, मित्रांना दाखवणार, आणि ते मित्र पुढच्या वर्षी रोमला आले की त्याच दुकानात येणार. शिवाय ‘आता कुणाकडे आहे’ या जागी खूपदा खुद्द पिरानेसीच्या संग्रहाचंच नाव येतं, म्हणजे वस्तू विकायला होती! पालाझ्झो तोमातीमध्ये नुसता छापखाना नव्हता, जुन्या वस्तू जोडून, घासून, पुऱ्या करून विकायचं वर्कशॉपही होतं, त्यामुळे या मालिकेची अर्धी बाजू सरळ विक्रीच्या कॅटलॉगची आहे. असं म्हटलं की काहींना त्यातली कला कमी झाल्यासारखी वाटते, मला उलट वाटतं, ज्या माणसाने ती वस्तू तुकड्या-तुकड्यांतून हाताळलीय, विकलीय, तिचं वजन ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ती काढलीय म्हणून तिच्यात इतका जीव आहे.

स्टेप ३: आता वस्तू बघा, आणि तिच्यातलं जुनं-नवं वेगळं करा

यासाठी सगळ्यात चांगला नमुना वॉरिक कलश. टेनिस बघणाऱ्यांनी त्याचं रूप नक्की पाहिलंय, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष विजेत्याला मिळणारा नॉर्मन ब्रूक्स चषक त्याच्यावरूनच घडवलेला आहे. मूळ कलश १७७१ च्या सुमारास पान्तानेल्लोत तुकड्यांमध्ये सापडला, नेपल्समधले ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी तो घेऊन जोडवून पुरा करून घेतला, ब्रिटिश म्युझियमला विकायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, मग तो त्यांच्या भाच्याकडे म्हणजे वॉरिकच्या अर्लकडे गेला, आणि आज तो ग्लासगोच्या बरेल कलेक्शनमध्ये आहे. पायथ्यासकट उंची तीन मीटरच्या आसपास. पिरानेसीने त्याच्या एकापेक्षा जास्त प्लेट्स केल्या, आणि कलश इंग्लंडात एका खासगी किल्ल्यात बंद असतानाही याच कागदांमुळे युरोपभर त्याच्या नकला झाल्या, चांदीत, ब्राँझमध्ये, दगडात.

प्रिंट समोर धरली की हे बघा. कलश किंचित खालून बघितल्यासारखा काढलाय का? पिरानेसी बऱ्याचदा नजर खाली ठेवतो, त्याने वस्तू आहे त्याहून भारदस्त दिसते. प्रकाश एका बाजूने आहे का आणि दुसऱ्या बाजूची सावली किती खोल गेलीय? वेलींचे दांडे कलशाच्या कानांपर्यंत, म्हणजे मुठींपर्यंत, कसे वळत जातात? दगडाचे तडे, झिजलेल्या कडा दाखवल्यात का, की सगळंच गुळगुळीत आहे? काही प्लेट्सवर बाजूला कलशाचा उभा छेद किंवा नक्षीचा वेगळा तपशील दिलेला असतो, तो कारागिरांसाठी, त्याच्यावरून थेट माप घेऊन काम करता यायचं.

आणि आता मुख्य मुद्दा. या वस्तू ‘प्राचीन’ म्हणून छापल्यात खऱ्या, पण त्यातल्या अनेकांमध्ये प्राचीन भाग थोडा आणि अठराव्या शतकातला भाग खूप आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये एक भला मोठा कलश आहे, त्याला पिरानेसी वाझ म्हणूनच ओळखतात, सर जॉन बॉइड यांनी १७७० च्या दशकात घेतलेला, तो जुने तुकडे बसवून उभा केलेला आहे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनमध्ये सर रॉजर न्यूडिगेट यांनी पिरानेसीकडून आणून युनिव्हर्सिटीला दिलेले दोन संगमरवरी दीपस्तंभ आहेत, त्यात बगळ्यासारखे पक्षी, हत्तींची डोकी, पाकळ्या असं एकावर एक रचलेलं आहे, हेही तसंच जोडकाम. कागदावर मात्र सांधा कुठेच दिसत नाही, सगळं एकसंध. मला हीच या प्रिंट्सची सगळ्यात मोठी ताकद वाटते, की जी वस्तू दगडात कधी पूर्ण नव्हती ती तांब्याच्या प्लेटवर पूर्ण झाली, आणि प्रवासी घेऊन गेले ती ही पूर्ण झालेली वस्तू. म्हणून प्रिंट आणि मूळ वस्तूचा म्युझियमने दिलेला फोटो मोबाइलवर शेजारी ठेवून बघा, यात जो वेळ जाईल तो सत्कारणी लागतो.

मोठ्या दृश्यांच्या बाबतीत हा फरक तेव्हाही लोकांना जाणवायचा, जर्मन कवी गटे रोमला राहिला तेव्हा त्याने कॅराकल्लाच्या स्नानगृहांबद्दल लिहून ठेवलंय की पिरानेसीच्या चित्रात जो थाट आहे तो समोरच्या अवशेषांत डोळ्यांना सापडत नाही. हा गटे लहानपणी फ्रँकफर्टच्या घरात वडिलांनी टांगलेली रोमची प्रिंट्स बघत वाढलेला, म्हणजे रोम आधी कागदावर पाहिलं आणि मग प्रत्यक्षात.

स्टेप ४: खरं एचिंग आहे की फोटोची छपाई

एचिंग कसं बनतं ते दोन वाक्यांत सांगतो. तांब्याच्या प्लेटवर मेणाचा थर देतात, सुईने त्यावर चित्र काढतात म्हणजे तिथलं तांबं उघडं पडतं, मग आम्लात बुडवतात, आम्ल उघड्या रेषा खातं, हव्या त्या रेषा मध्येच झाकून बाकीच्या पुन्हा आम्लात सोडल्या की त्या जास्त खोल होतात, आणि पिरानेसी हे पुन्हा पुन्हा करायचा म्हणून त्याच्या सावल्या इतक्या दाट येतात. नंतर शाई रेषांमध्ये भरून वरची पुसतात, ओलसर कागद ठेवून दाबाच्या यंत्रातून काढतात.

यावरूनच तपासणी ठरते. दहा पटीचं भिंग घ्या, दागिन्यांच्या दुकानात वापरतात ते चालतं. भिंगाखाली रेषा सलग आणि भरीव दिसली पाहिजे, ठिपक्यांची जाळी दिसली की ती आधुनिक ऑफसेट छपाई, तिथेच विषय संपला. मग कागद तिरपा धरून एका बाजूने उजेड टाका, गडद रेषांवर शाई किंचित उठलेली दिसते. चित्राभोवती प्लेटच्या कडेचा चौकोनी दाब उमटलेला असतो, बोटाने अलगद जाणवतो, पण एवढ्यावर विसंबू नका, कारण नकली प्रिंट्सनाही असा दाब मुद्दाम देतात. फोटोग्राव्ह्यूर, म्हणजे फोटोवरून प्लेट बनवून केलेली छपाई, हा प्रकार सगळ्यात फसवा, त्यात ठिपके ठळक नसतात आणि दाबही असतो, पण गडद भागात रेषा रेषेसारख्या न राहता बारीक दाणेदार धुरकटपणा येतो. शंका आली की एखाद्या मोठ्या म्युझियमच्या साइटवरचा हाय-रिझोल्यूशन फोटो उघडा आणि कोपऱ्यातल्या पाच-सहा रेषा एकेक करून जुळवा.

कागद चहात बुडवल्यासारखा सगळीकडे एकसारखा तपकिरी असेल तरी सावध व्हा, जुना कागद असा एकसारखा पिवळा पडत नाही, कडेला जास्त आणि मध्ये कमी असं काहीतरी असतं. आणि पिरानेसीची प्रिंट रंगवलेली असेल तर तो रंग नंतर कुणीतरी भरलेला आहे, त्याने किंमत कमी होते, वाढत नाही.

स्टेप ५: प्रत कधीची आहे

सगळा पैसा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. पिरानेसीच्या तांब्याच्या प्लेट्स त्याच्याबरोबर संपल्या नाहीत, त्या शंभर-दीडशे वर्षं छापत राहिल्या. तो गेल्यावर मुलगा फ्रान्चेस्कोने रोममध्ये धंदा चालवला, वडिलांचा पुराणवस्तूंचा संग्रह स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताफ याला विकला, तो आजही स्टॉकहोमच्या राजवाड्यात आहे. १७९९ मध्ये राजकीय धामधुमीत भावंडांनी प्लेट्स पॅरिसला नेल्या आणि १८०० पासून तिथे आवृत्ती निघाली. पुढे प्लेट्स फर्मॅन-दिदो या पॅरिसच्या प्रकाशकांकडे गेल्या, १८३० च्या दशकात त्यांनी छापल्या, आणि १८३९ मध्ये पोपच्या सरकारने त्या विकत घेऊन रोमला परत आणल्या. आता त्या त्रेव्ही कारंज्याच्या शेजारीच असलेल्या सरकारी ग्राफिक्स संस्थेत, म्हणजे इस्तितुतो चेन्त्राले पेर ला ग्राफिकामध्ये आहेत.

म्हणजे ‘पिरानेसीच्या मूळ प्लेटवरून छापलेली’ हे वाक्य या सगळ्यांना लागू होतं आणि विक्रेता ते खरंच बोलत असतो. तुम्ही विचारायचं ते वेगळं, छापली कधी?

खुणा अशा. सहीत नावाआधी ‘सी-ए-व्ही’ ही अक्षरं असतील तर ती काव्हालिएरे म्हणजे सरदारकीची, पोपने त्याला ती १७६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिली, त्यामुळे प्लेट त्यानंतर कोरलेली. पण हे प्लेटचं वय झालं, कागदाचं नाही, यात लोक फार गल्लत करतात. वरच्या कोपऱ्यात मागाहून कोरलेला नंबर दिसला तर बहुतेक पॅरिसची छपाई किंवा त्यानंतरची, दोन वेगवेगळे नंबर दिसले तर अजून नंतरची. मार्जिनमध्ये शाईविना उठवलेला कोरडा शिक्का आणि त्यात ‘काल्कोग्राफिया’ शब्द असेल तर ती रोमला परत आल्यानंतरची सरकारी छपाई.

मग कागद उजेडासमोर धरा, दुकानदार आढेवेढे घेत असेल तर विनंती करा, चांगला दुकानदार स्वतःच दाखवतो. अठराव्या शतकातल्या हातकागदात समांतर रेषांची जाळी दिसते, साधारण बोटभर अंतरावर उभ्या रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या खूप जवळजवळच्या बारीक रेषा. रोममधल्या जुन्या प्रतींमध्ये वर्तुळातलं लिलीचं फूल असं जलचिन्ह (वॉटरमार्क) वारंवार मिळतं, एका किंवा दुहेरी वर्तुळात. जलचिन्ह दिसलं म्हणजे झालं असं नाही, पण कागद अगदी गुळगुळीत, एकजिनसी, बिनरेषेचा असेल तर जुन्या रोमन प्रतीचा दावा मान्य करू नका.

शेवटी डोळे. प्लेट जितकी जास्त छापली तितकी बारीक रेषा झिजते. कलशाच्या सावलीकडच्या बाजूला बघा, जुन्या चांगल्या प्रतीत गडद काळ्यातही रेषा सुट्ट्या दिसतात आणि उजेडाकडच्या सगळ्यात नाजूक रेषा शाबूत असतात, झिजलेल्या प्रतीत हलक्या रेषा गायब आणि अंधार सपाट. हे शब्दांनी कळत नाही, चार-पाच प्रती शेजारी ठेवून बघितल्या की एकदम कळतं. म्हणून खरेदीच्या आधी एखाद्या प्रिंट रूमला जाऊन या. लंडनला राहणाऱ्या किंवा मुलांकडे जाणाऱ्या मंडळींना ब्रिटिश म्युझियमची प्रिंट्स अँड ड्रॉइंग्जची स्टडी रूम आधी वेळ घेऊन बघता येते, ऑक्सफर्डला अ‍ॅशमोलियनमध्येही तशी सोय आहे. घरबसल्या बघायचं तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचे फोटो मोफत आहेत, आणि टोकियो युनिव्हर्सिटीने आपल्याकडचा फर्मॅन-दिदो आवृत्तीचा अख्खा संच ऑनलाइन ठेवलाय, उशिराची छपाई कशी दिसते ते शिकायला तर तो फारच उपयोगी.

माझं स्पष्ट मत सांगायचं तर पहिल्यांदा घेणाऱ्याने पॅरिसच्या पहिल्या आवृत्तीतली चांगली, ठसठशीत प्रत घ्यावी. रोममधली पिरानेसीच्या हयातीतली पण कापलेली, डागाळलेली प्रत घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

स्टेप ६: कंडिशन आणि विचारायचे प्रश्न

ही प्रिंट्स मोठी, अर्ध्या ते पाऊण मीटरपर्यंत, आणि खंडांत बांधलेली असायची, त्यामुळे मधली घडी किंवा कडेला शिलाईची भोकं असणं स्वाभाविक आहे, त्याने नाउमेद होऊ नका, उलट ती खंडातून निघाल्याची खूण. बघायचं ते हे: मार्जिन किती उरलंय आणि प्लेटच्या दाबाच्या आत कापलंय का, घडीवर मागून पट्टी चिकटवलीय का, तपकिरी ठिपके कुठे आहेत, जुन्या फ्रेमच्या आम्लाने चौकोनी पट्टा पिवळा पडलाय का, फाटलेली जागा शाईने रंगवून लपवलीय का. खालचा मजकूर कापून टाकलेली प्रत मी तरी घेऊ नका म्हणेन, कितीही सुंदर कलश असला तरी त्याचं बोलणंच कापून टाकलेलं असतं.

विक्रेत्याला लेखी विचारा: मालिका कोणती, प्लेट कोणती, छपाई साधारण कधीची आणि कशावरून, कागदाचं वर्णन, मार्जिनचं माप, केलेली दुरुस्ती, आणि मागच्या बाजूचा फोटो. मागच्या बाजूचा फोटो देत नसेल तर पुढे जाऊ नका. उत्तरं बिलावर लिहून घ्या.

आणि हो, नुसत्या पिरानेसीच्या नावामागे धावायची गरज नाही. सर विल्यम हॅमिल्टन यांच्या ग्रीक चित्रित भांड्यांच्या संग्रहाचे खंड नेपल्सला १७६० च्या दशकापासून निघाले, केशरी-काळ्या रंगात, त्यांचं मूळ पान परवडणं कठीण पण नंतरच्या पॅरिस आणि फ्लॉरेन्सच्या आवृत्त्यांची सुटी पानं मिळतात. याच चित्रांवरून जोसाया वेजवुडने जून १७६९ मध्ये आपल्या एट्रुरिया कारखान्याच्या उद्घाटनाची पहिली भांडी सजवली होती. आणि आपल्या जवळचं काही हवं असेल तर वेरूळ आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला, पुण्यात पेशव्यांच्या दरबारातली चित्रं केली, वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली, त्यात पुण्याच्या गंगाराम तांबटांचीही साथ होती. वेल्स १७९५ मध्ये वारला आणि त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला वेरूळची चोवीस प्रिंट्स काढली. जी भूक रोमच्या कलशांवर पोसली होती तीच ही, लांबच्या जुन्या दगडाची कागदावरची आठवण. गंगाराम तांबटांचं काम आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहे आणि ते ऑनलाइन बघता येतं, जरूर बघा.

स्टेप ७: आणताना कागदपत्रं

इटलीतून सत्तर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू बाहेर नेताना तिथल्या एक्स्पोर्ट ऑफिसचे नियम लागतात, ते विक्रेत्याने करून द्यायचं असतं, पैसे देण्याआधीच ठरवून घ्या. भारतात ओरिजिनल एन्ग्रेव्हिंग आणि प्रिंट्स कस्टम्सच्या ९७०२ या हेडिंगखाली येतात, बिलावर हा नंबर, छपाईचा काळ आणि ‘ओरिजिनल एचिंग’ असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर कुरिअरवाले पोस्टर म्हणून टाकतात आणि नंतर निस्तरत बसावं लागतं. ड्युटीचे दर बदलत असतात, मागवायच्या दिवशी एजंटकडून खात्री करा. परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून प्रिंट भारतात आणून पुन्हा बाहेर न्यायचा विचार असेल तर आधी सल्ला घ्या आणि आयातीची कागदपत्रं जन्मभर जपून ठेवा.

प्रवासात स्वतः आणत असाल तर शक्यतो सपाट, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये. नळीत गुंडाळायचीच असेल तर नळी रुंद घ्या आणि घरी पोचल्याबरोबर उघडा.

स्टेप ८: फ्रेम, आणि आपला पावसाळा

हा कागद लिननसारख्या कापडाच्या चिंध्यांचा, त्याने अडीचशे वर्षं काढलीत, पण मुंबई-कोकणातल्या एका वाईट पावसाळ्यात त्याला बुरशी लागू शकते. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्ड पुढे आणि मागेही, प्रिंट चिकटवायची नाही, वरच्या बाजूला जपानी टिश्यूच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून फक्त टांगायची. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन, प्लायवर चिकटवणं यातलं काहीही नाही. मार्जिन माउंटच्या मापात बसवायला कापायचं नाही, हे तर त्याच्याकडून दोनदा वदवून घ्या, कारण बरेच जण सवयीने कापतात. खालच्या ओळी माउंटखाली झाकल्या जाणार नाहीत अशी खिडकी कापायला सांगा. काच आणि कागद यांच्यात अंतर हवं, ते माउंटच्या जाडीने मिळतं, काच यूव्ही थांबवणारी घेतली तर उत्तम.

भिंत निवडताना बाहेरची, पावसाचा मारा खाणारी भिंत नको, बाथरूमला लागून असलेली नको, आणि समोरून ऊन येणारी तर नकोच. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे छोटे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेमच्या मधून हवा खेळती राहते. खोलीत स्वस्तातलं हायग्रोमीटर ठेवा, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली तर छान, पासष्टच्या वर दिवसेंदिवस राहायला लागली की डीह्युमिडिफायर किंवा एसी. जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर हे जमत नसेल तर फ्रेम उतरवून कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पाकिटांसोबत, उभी ठेवा, आणि पाकिटं ओलावा धरून रंग बदलतात तसतशी बदलत राहा.

दसऱ्याच्या साफसफाईत फ्रेम मागून बघायची सवय लावा. मागच्या कागदावर करडे-हिरवे ठिपके, कसर लागल्याची बारीक कुरतड, किंवा माउंटच्या कडेला नवीन तपकिरी रेघ दिसली तर घरी ओल्या फडक्याने पुसू नका, ब्लीच तर अजिबात नको, काच न उघडता तसंच कागदाचं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरकडे न्या. आणि फ्रेमच्या मागे एका पाकिटात बिलाची झेरॉक्स, विक्रेत्याची लेखी उत्तरं आणि खालच्या इटालियन ओळींचं तुम्ही केलेलं मराठी भाषांतर ठेवा, अ‍ॅसिड-फ्री कागदावर, पेन्सिलने लिहून.